बाबांच्या बुलेटचा क्लेम

११ नोव्हेंबर, सोमवार

"गाडी आपली, तर पडणंही आपलं." मी वीस वर्षांची असताना बाबा महूच्या मैदानावर म्हणाले होते. बुलेट माझ्या अंगावर आडवी, सायलेन्सरने पोटरी भाजलेली, आणि हे पलीकडे हात मागे बांधून उभे. उचलायला आले नाहीत. मीच उचलली. पोटरीवरचा डाग अजून आहे.

आज दिवसभर तेच वाक्य डोक्यात. आज बाबा पडले.

राऊच्या वळणावर. नेहमीसारखे महूला जुन्या दोस्तांना भेटायला निघाले होते. डावं मनगट मोडलं, गुडघा सोलवटला. हेल्मेट होतं, डोकं शाबूत. मी लायब्रेरियन आहे ते कॉलेज राऊलाच, म्हणून लायब्ररी तशीच टाकून पळाले. पोचले तर हे रस्त्याकडेच्या टपरीवर बसून चहावाल्याला समजावत होते, की आलं ठेचून घालावं, किसून नाही.

"कुत्रा आला मध्ये," एवढंच म्हणाले.

चहावाला बिचारा आपल्या गाडीवरून दवाखान्यात सोडायला तयार होता. "दीदी, बैठे ही नहीं. बोले, मैं किसी के पीछे नहीं बैठता." मनगट लोंबकळतंय, आणि हा रुबाब! शेवटी रिक्षा केली.

बुलेटचं पुढचं चाक वाकडं, हँडल पिळवटलेलं, हेडलाइटचा चुरा, टाकीला मोठा पोचा. मी रडले नाही. अशा वेळी मी भांडी घासते. घासलेलीसुद्धा.

१२ नोव्हेंबर

बुलेट माझ्या नावावर आहे. जुनी मोडीत गेल्यावर, बाबांच्या सत्तरीला ही मीच घेऊन दिली. इन्शुरन्स दरवर्षी श्रीकृष्णजींकडून — आमच्याच कॉलनीतले, पणजोबा होळकरांच्या दरबारी कारकून, हे विम्याचे एजंट. सकाळी आले. पोह्यांवर शेव, शेवेवर जीरावन मसाला, मग कामाची गोष्ट.

"एकदम क्लियर केस आहे, पंचशीलाजी. खुद गिरे, दुसरं कोणी इन्व्हॉल्व्ह नाही. फक्त बाबूरावजींचं लायसन द्या."

बाबांनी खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं लायसन काढून टेबलावर ठेवलं. फौजेचं. फोटोत काळ्याभोर मिशा. श्रीकृष्णजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि दोन्ही हातांनीच परत दिलं.

"हे म्युझियममध्ये ठेवायचं आहे, बाबूरावजी. सिव्हिलवालं कुठंय?"

सिव्हिलवालं केव्हाच संपलंय. आणि घरात कुणाला पत्ता नाही! बाबा फौजेच्या सिग्नल्समध्ये डिस्पॅच रायडर होते — मोटरसायकलवरून डाक पोचवायची, बर्फ असो की वाळू. चौकात पोलिसाने अडवलं की ते हेच लायसन दाखवतात, तो "जाइए, हवलदार साब" म्हणतो, आणि संपलं. फौजी घरात समजच असतो, की फौजेची वस्तू एक्सपायर होत नाही. ट्रंक, कंबल, लायसन.

श्रीकृष्णजी फाटकाशी हळूच म्हणाले, "तुम्ही चालवत होतात असं लिहा. गाडी तुमच्या नावाची, लायसन तुमचं व्हॅलिड. सर्व्हेयर गाडी बघतो, माणूस थोडीच बघतो. सब यही करते हैं."

मी म्हटलं, नाही. इतकं सरळ म्हटलं की माझं मलाच बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर

धम्मपाल चिडला. नवरा म्हणून नाही, बँकवाला म्हणून. "इतकी वर्षं प्रीमियम भरलास तो काय दान म्हणून? पंचशीला नाव ठेवलं म्हणून एवढं मनावर घ्यायचं नसतं. माझं नाव धम्मपाल आहे, आणि मी लोन रिकव्हरी करतो."

हसले. पण मत बदललं नाही.

दुपारी लायब्ररीत शांत होतं, विचार करत बसले. विमा म्हणजे काय? पडणं वाटून घेणं. कधी न भेटलेल्या हजारो माणसांनी आपलं पडणं थोडंथोडं उचलायचं. बाबांच्या वाक्यापेक्षा हे मायाळू आहे. खरं तर त्या दिवशी मैदानावर कुणी येऊन गाडी उचलू लागलं असतं, तर मला आवडलंच असतं. पण मायाळू गोष्टीला फसवणं जास्त वाईट.

खरं लिहिलं तर क्लेम नामंजूर. शिवाय बाबा बिनालायसन चालवत होते हे कागदावर येणार. खोटं मी लिहिणार नाही. म्हणजे क्लेमच नको. पगारातून करू दुरुस्ती, हळूहळू.

ठरलं.

१४ नोव्हेंबर

ठरलं कुठे. आज बाबाच म्हणाले.

प्लॅस्टरचा हात उशीवर, पेपर उजवीकडे सरकवून वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "शीला, तू चालवत होतीस असं लिहून दे."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"मेकॅनिक म्हणतोय फ्रेमलाही मार लागलाय. कंपनी गाडीच घेऊन जाईल, तुला भरपाई देईल. जाऊ दे. भंगारात जाऊ दे."

हे बाबा? चौथीत शेजारणीने काढून दिलेलं चित्र मी माझं म्हणून शाळेत दिलं होतं, तर मला बुलेटवर बसवून बाईंच्या घरी नेणारे? "बाई, हे चित्र माझं नाही" म्हणेपर्यंत दारात उभं करणारे?

"तुम्ही सांगताय हे, बाबा?"

"मी सांगतोय."

आणि बुलेट भंगारात? रोज सकाळी जिला पुसतात ती? आई गेल्यापासून जिच्या मागच्या सीटवर कुणाला बसू देत नाहीत, फक्त पिशवी बांधतात ती?

काही कळेनासं झालं. आज भांडीसुद्धा घासावीशी वाटली नाहीत.

१५ नोव्हेंबर, पौर्णिमा

संध्याकाळी विहारात गेलो, तिघंही. पौर्णिमेची वंदना बाबा चुकवत नाहीत, प्लॅस्टर असो की ताप.

पंचशील म्हणताना विहारात सगळ्यात मोठा आवाज त्यांचा असतो. लहानपणी मला लाज वाटायची. परेडवर असल्यासारखे म्हणतात. आजही तसेच. हिंसा करणार नाही — खणखणीत. चोरी करणार नाही — खणखणीत. तिसरं शीलही.

चौथ्याला बाबांचा आवाज नव्हता.

चौथं म्हणजे खोटं बोलणार नाही. मी मान न वळवता ऐकलं. बाकी सगळ्यांचे आवाज होते. धम्मपालचाही होता, रिकव्हरीवाला असून! बाबा गप्प. पाचव्याला परत सुरू झाले, पण बारीक.

माणूस सांगतो खोटं लिही, पण तोंडाने शील घेऊन मोडायला तयार नाही. शील घेतलंच नाही. केवढा हा प्रामाणिकपणा, आणि केवढी भीती. कसली?



१६ नोव्हेंबर, शनिवार

विचारलं. सरळच. अंगणात ऊन खात बसले होते, मी त्यांच्या नखांना नेलकटर लावत होते — एका हाताने त्यांना जमत नाही. तोंडाकडे बघायचं नसलं की बोलणं सोपं जातं.

"काल चौथं शील म्हटलं नाहीत."

करंगळी झाली, अंगठा झाला.

"कुत्रा नव्हता, शीला."

"मग?"

"वळणावरचा कठडा होता. तिथंच होता, रोज असतो. मला दिसला नाही. डाव्या बाजूचं हल्ली काही दिसतच नाही. एकदम येतं, हवेतून आल्यासारखं."

लायसन रिन्यू करायला गेले होते म्हणे, दोन वर्षांपूर्वी. वय झाल्यावर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. त्याने एक डोळा झाकायला सांगितला. बाबा खुर्चीतून उठले आणि घरी आले. तेव्हापासून फौजेचं लायसन खिशात.

"गाडी दुरुस्त होऊन दारात आली तर मी चालवणार. राहवणार नाही मला. आणि आज कठडा होता, उद्या एखादं पोर असेल." मग हसून म्हणाले, "भंगारात गेली असती, तर कुणाला काही सांगावं लागलं नसतं. गाडीच नाही, तर चालवणार काय."

मी नखं कापत राहिले. त्यांची बोटं माझ्या हातात होती. आयुष्यभर हँडल धरून अर्धवट मिटलेलीच राहिलेली बोटं. मी ती उलगडली नाहीत. धरली फक्त.

क्लेम घ्यायचा की नाही, हा प्रश्न कधी नव्हताच. मीच आठवडाभर त्याला धरून बसले होते.

१८ नोव्हेंबर

डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. डावा बराच गेलाय, उजवा चांगला आहे. गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंबांनी टिकवता येतं. "आधी का नाही आलात?" डॉक्टरनी विचारलं. बाबा म्हणाले, "ड्यूटीवर होतो."

डॉक्टरही हसले. मीही. डोळ्यांत पाणी आलं ते थेंबांचं नव्हतं.

गाडी चालवायची नाही, हे स्पष्ट सांगितलं. बाबांनी "जी सर" म्हटलं. फौजीने "जी सर" म्हटलं की विषय मिटला. खिशातून ते लायसन काढून त्यांनी माझ्या पर्समध्ये ठेवलं. मी मागितलं नव्हतं.

२० नोव्हेंबर

श्रीकृष्णजींना कळवलं, क्लेम नाही. "पंचशीलाजी, अशी पार्टी पहिल्यांदा बघतोय," म्हणाले. बाबांना आवडतात म्हणून संध्याकाळी मुगाचे लाडू पाठवले त्यांनी.

मेकॅनिकला सांगितलं, दुरुस्त कर. "फ्रेम सीधी हो जाएगी दीदी, टाइम लगेगा." लागू दे.

धम्मपाल म्हणाला, "आता चालवणार कोण पण ती?"

मी नुसती पोटरी खाजवली.

२१ डिसेंबर

प्लॅस्टर निघालं. मनगट काटकुळं दिसतं. रोज रबरी चेंडू दाबतात, मोजत, मोठ्याने.

२८ डिसेंबर

बुलेट आली. टाकीचा पोचा काढू नकोस म्हणून मीच सांगितलं होतं. पडणंही आपलंच ना.

बाबांनी फडका आणला आणि पुसायला लागले. उजवी बाजू, पुढून, मागून. मग डाव्या बाजूला आले आणि मान पूर्ण वळवून, चाकाची एकेक तार बघत पुसली. मागची सीट सगळ्यात शेवटी. किल्ली स्वतः माझ्या हातात दिली. "फेरी मारून ये. बॅटरी उतरते."

कॉलनीच्या फाटकापर्यंत गेले, आले. हे दारात उभे, हात मागे बांधून. "क्लच जास्त दाबतेस," म्हणाले. वीस वर्षांची असताना हेच म्हणायचे.

मागे बांधलेली पिशवी रिकामीच होती.

४ जानेवारी, शनिवार

दोस्तांचे फोन येतात. बाबूराव, यार, कब आ रहे हो? बाबा सांगतात, हात दुखतो अजून. दुखत नाही. चौथं शील परत मोडतायत.

उद्या रविवार. किल्ली माझ्याकडे, दोन हेल्मेटं पुसून ठेवलीत. पिशवी सोडून आत आणली आहे. सकाळी चहात आलं ठेचून घालीन आणि विचारीन — बाबा, महूपर्यंत माझ्या मागे बसता का?

नाही म्हणतील. तरी विचारणार आहे.