पहाटेचा आकडा

६ फेब्रुवारी
पाय कामातून गेले! पहाटे कुंडाच्या गावी मोजणी, दुपारी परत सातिवलीला ऑफिसात. गरम झऱ्यावर वीज करायचं हे एवढंसं केंद्र, पण नखरे काय सांगू! हवा गार असली की मस्त चालतं, ऊन चढलं की मान टाकतं. वाफ थंड करायला पंखे आहेत — पण हवाच तापली तर ते तरी काय करणार?

मधे आर्याकडे भाकरी खाल्ली. धाकटी बहीण माझी, त्याच गावात दिलेली. सातवा लागलाय. "ताई, किती वाळलीस गं," म्हणे. बाळंतपणाला माझ्याकडेच यायचं ठरलंय. आई गेल्यावर तिचं माहेर म्हणजे मीच.

११ फेब्रुवारी
आज भर दुपारची मोजणी घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. पहाटेच्या जेमतेम निम्मी वीज! त्यातून केंद्राचे पंप स्वतःच खातात ते वेगळंच. आणि हा तर फेब्रुवारी — मे महिन्यात काय होईल?

१२ फेब्रुवारी
आमचे साहेब, दिनानाथ सर, त्यांना आकडे दाखवले. ते नुसते हसले. आमच्या ऑफिसची रीतच आहे — मोजणी पहाटेची, रिपोर्टही पहाटेचा. दुपारचं कुणी विचारलंय का, म्हणे. नाही विचारलं.

शेजारच्या टेबलावरचा स्टीवन म्हणाला, सांडोरची केळी आणलीयत, खा आणि रिपोर्टवर सही करून मोकळी हो. केळी गोड होती. मेल्याला कशाचंच काही नाही.

१५ फेब्रुवारी
डोकं ठणकतंय. सही केली नाही.

१९ फेब्रुवारी
सर पुन्हा माझ्या टेबलाशी आले. चिडले असते तर बरं झालं असतं, पण समजुतीने बोलत बसले. आकडा खोटा आहे का, विचारलं. खोटा नाहीच! तो पहाटेचा आहे एवढं एक वाक्य घाला, इतकंच माझं म्हणणं. त्यांनी नाही घातलं.

केली सही. वीट आला भांडायचा. मनवेलपाड्याला घरी पोचले आणि ऑफिसच्या कपड्यांतच आडवी झाले.

२८ एप्रिल
आर्याचा फोन. नववा सरत आलाय, कधी आणायला येऊ, विचारलं. तर म्हणे, नको येऊस. रिपोर्ट चांगला आला म्हणून गावाच्या दवाखान्याला आता झऱ्याची वीज दिलीय, तिथला जनरेटर दुसरीकडे नेला. ती तिथेच बाळंत होणार.

"तूच मोजलंयस ना ताई? मग मला कसली भीती!"