भांडतात तोवर

चऱ्होली, ४ फेब्रुवारी २०२५

ती. शालनआत्यास तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून तुमच्या गावच्या सोपानरावांच्या कंपनी-बसमधून हे पत्र धाडते.

आमच्याकडे एकदाची शांतता झाली. घरामागच्या सामाईक वाटेवर भिंत घालायची म्हणून थोरले दीर, दादासाहेब भावजी, अडून बसले होते. रोज सकाळी दोघे भाऊ अंगणात भांडायचे आणि समोरच्या सोसायटीतले लोक गॅलरीत येऊन बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी मी अजिंक्यला माझ्या गळ्याची शपथ घातली, की भावाशी पुन्हा भांडायचं नाही. तेव्हापासून तो गप्प आहे. भावजींचाही सूर निवळला. काल चक्क त्यांनी मला विचारलं, की अजिंक्यराव जेवले का. आहे की नाही तुझी भाची हुशार?

खोकल्याचं औषध टाळू नकोस. माया आहेच, ती वाढू दे.

तुझी,
तनुजा

निघोजे, ६ फेब्रुवारी

चि. सौ. तनुजास उदंड आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. हुशार आहेस, म्हणूनच घात करून बसतेस.

पोरी, भांडण म्हणजे काय ते तुला माहेरी कुणी सांगितलंच नाही. परक्याशी माणूस कोर्टात जातो, नाहीतर मारामारी करतो. भांडतो तो आपल्याच माणसाशी, कारण उद्याही त्याच्याच शेजारी जेवायला बसायचं असतं. माझ्या मालकांचं आणि थोरल्या दिरांचं, कोंडाजी भावजींचं, बांधावरून रोज वाजायचं. एकाएकी भावजी भांडायचे थांबले आणि धाकट्या भावाला अहो-जाहो करू लागले. गावाला वाटलं, शहाणपण सुचलं. त्याच आठवड्यात मालकांना बांधावरून उचलून आणलं. कपाळात कुऱ्हाडीचा घाव होता.

तुझ्या पत्रातलं ते ‘अजिंक्यराव’ वाचून मला धडकी भरली आहे. शपथ सुटली म्हण. अजिंक्य ऐकत नसेल तर तू भांड, पण आजच. तुझं पत्र येईतो मला घास उतरणार नाही.

तुझ्या काळजीत,
आत्या

चऱ्होली, ७ फेब्रुवारी

ती. आत्या, नमस्कार उभ्या उभ्याच.

तुझं पत्र आलं तेव्हा भावजी ओट्यावर कोयत्याला धार लावत होते. शेत केव्हाच बिल्डरकडे गेलं, कापायला एक पेंढी उरलेली नाही. मी तशीच आत गेले. अजिंक्यला शपथ सुटली म्हणाले, तर तो म्हणाला, की आता त्या माणसाशी बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

मग मीच ओढणी कमरेला बांधून ओट्यासमोर उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. भिंत काढली, लग्नातला मानपान काढला, नेऊन परत न केलेली शिडी काढली. ते खाली मान घालून धारच लावत होते. मला रडू फुटलं, तरी थांबले नाही. शेवटी कोयता आपटून ते ओरडले, की ह्या बयेला आवरा कुणीतरी, कुठं मेलाय तो गाढव अज्या.

आत्या, ते गाढव ऐकून मला इतकं बरं वाटलं! अजिंक्य आतून धावत आला आणि विचारू लागला, की गाढव कुणाला म्हणतोस रे दाद्या.

कोयता मी पाण्याच्या टाकीमागे लपवलाय. घाईत लिहितेय, अक्षर समजून घे. गॅलऱ्या पुन्हा भरल्यात. तुला ऐकू येत नाही म्हणून लिहिते, दोघांचा आवाज चांगला मोठा आहे.

तू जेवून घे.

तुझीच,
तनुजा