टाकीतल्या बाळंतशोपा

मी, कावेरी रणजीत चौगुले, वय तेवीस, माहेर निपाणीकडचं, सध्या राहणार बोम्मसंद्रा, बेंगळूर, हे माझ्या हातानं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर हाय. कुणी दमदाटी करून न्हाईतर दारू पाजून लिहून घेतलेलं न्हाई. दारू घरात हाय, टाकी भरून हाय, पण मी तिला तोंड लावत न्हाई. सातवी शिकलेय, चुकलंमाकलं समजून घ्यावं.

माझं मरायचं वय न्हाई. पण काल मरण घरात येऊन गेलं, म्हणून लिहिते.

माझा नवरा रणजीत कारखान्यात फिटर हाय. मोबाईलवर बघून घरात बिअर करायला शिकला. ती स्टीलच्या टाकीत भरतो, गॅस सोडतो, आणि मग तिच्यात चवीला काय काय घालतो. आलं, पुदिना, आंबा. "बिअर कोण बी करंल, चव माझी," म्हणतो. ह्या बारीला त्यानं माझ्या बाळंतशोपा घातल्या. माझ्या आईनं, चंद्राबाईनं, पोरीला दूध पुरावं म्हणून भाजून पाठवलेल्या. मला विचारलं बी न्हाई. फडक्यात बांधल्या, त्या बी धड न्हाई. गाठ सुटली, शोपा नळीत जाऊन बसल्या, बिअर येईना. तर ह्यानं आतला गॅस न काढताच तोटीला पाना लावला. तोटीचं बोंड बंदुकीतनं सुटल्यागत सुटलं, पाळण्याच्या दोरीला घासून गेलं आणि स्लॅबला खड्डा पाडून खाली पडलं.

पाळण्यात माझी निधी होती. सात महिन्यांची. सगळी फेसानं भिजली. ज्या टाळूवर मी तेल घालते तिथं अजून बिअरचा वास येतोय.

मी वराडले तर रणजीत म्हणतो, "अगं, काय झालं न्हाई न्हवं?" आणि त्याचा भाऊ प्रणीत फरशी पुसता पुसता म्हणतो, "वैनी, स्वल्प चाखून तर बघा, शोपांचा वास झकास उतरलाय!"

रातीच रणजीतनं दुसरी तोटी बसवून टाकीत परत गॅस भरला. म्हणून ही वाटणी.

एक. मी गेले तर निधी माझ्या आईकडं जाईल. बापानं भेटायला यावं, अंगाला वास नसताना यावं. टाकी असलेल्या घरात माझ्या पोरीनं निजायचं न्हाई.

दोन. कानातल्या कुड्या निधीच्या. गॅसच्या नळकांड्यापायी रणजीत त्या गहाण टाकणार होता. "सोडवून आणू की गं," म्हणाला होता. मी मेल्यावर बी तेच म्हणंल. म्हणून वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण रत्नम्माआक्काकडं दिल्यात. आक्का "सरी सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाल्या आणि कपाटाला कुलूप घातलं.

तीन. शिलाई मशीन आईला. मशीन म्हणजे टाकी ठेवायचा ओटा न्हवं. आत्ता ठेवलीय, गोल डाग पडलाय. तो डाग काढून मगच आईकडं पोचवायचं.

शोपांचा रिकामा डबा प्रणीतला. बसू दे वास घेत.

आणि तोटीचं ते बोंड रणजीतला. धुऊन पुसून माझ्या मंगळसूत्राच्या डबीत ठेवलंय. निधी मोठी झाली आणि आई कुठं गेली म्हणून विचारायला लागली, तर देवाघरी गेली असलं काय सांगायचं न्हाई. ते बोंड तिच्या हातावर ठेवायचं.

रणजीत वाईट न्हाई. हात उगारत न्हाई, पोरीला खेळवतो. पण त्याला भ्या वाटत न्हाई. दोघांच्या वाटणीचं भ्या मी एकटीनं किती दिवस धरायचं? कालधरनं पंख्याचा आवाज झाला तरी पोरीवर आडवी पडते.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं म्हणं. मी तवर थांबत न्हाई. पहिलं कलम आजपासून लागू. पाळणा सोडून घेऊन मी आणि निधी वर आक्काकडं आलोय. टाकी घरातनं गेली की हा कागद मीच फाडीन. न्हाई गेली तर आईला फोन करीन, गावाकडची गाडी धरीन.

ठिकाण: बोम्मसंद्रा, बेंगळूर
तारीख: ११ फेब्रुवारी २०२४, रविवार

सही: कावेरी रणजीत चौगुले

साक्षीदार पहिल्या: रत्नम्मा. सही कन्नडमध्ये केलीय. मी वाचून दाखवलं, त्यांना समजलंय.

साक्षीदार दुसरा: रणजीत चौगुले. त्याला वर बोलावून कागद पुढं ठेवला. दोनदा वाचला. "मी सही केली तर तू खरंच जाशील गं," म्हणाला. मी म्हणाले, "सही नको करू. खाली जा आणि आधी टाकीतला गॅस काढ." गेला. खालनं फुस्स आवाज येतोय, अजून थांबला न्हाई. त्याच्या सहीची जागा मोकळी ठेवलीय. कागद बी अजून फाडलेला न्हाई.