बोट दाबून धरा

१४ जुलै, सोमवार

लागली! स्क्रीन भिंतीला लागली एकदाची. उद्धव डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाकड्याच्या बरोब्बर समोर. सिस्टर एकटीच, तीही कायम आतल्या खोलीत. बाहेर पेशंट येऊन पडला तरी तिला पत्ता नसतो. म्हणून हे सगळं – चित्राला बोट लावायचं, आत घंटा वाजते. विंचू, फवारणीचं औषध, पडून लागलेलं. आणि सगळ्यात वर, सगळ्यात मोठा – साप.

नाग मीच काढला. किती दिवस घासत होते! समोर माणूस आलं की फणा उभारतो, डोलतो. पुण्याच्या नोकरीत असलं काम कधी हाताला लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, "लय जिवंत काढलास गं." छाती फुगली. घरी येताना मात्र पुण्याचं ते जेवण पोचवायचं ॲप आठवलं. तिकडे माझं बटण चुकलं तर कुणाचं जेवण उशिरा पोचायचं. इथं चुकलं तर?

१७ जुलै

सुकेशनी सिस्टरचा फोन. "ईश्वरी, तुझी घंटा सारखी वाजायली! हातातलं टाकून पळत यावं, तर बाहेर पान लागलेलं कुणीच न्हाई." दवाखान्यातली सिस्टर, पण तीसुद्धा साप चावला म्हणत नाही. पान लागलं! नाव घेतलं की येतो म्हणे.

दिवसभर कोड चाळला. चूक सापडत नाही. सापडत नाही म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून.

१८ जुलै

कोडमध्ये चूक नाहीच! आज बाकड्यावर जाऊन बसले. पोखर्णीच्या एक आजी खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या. नागानं फणा काढला. आजींनी पदर डोक्यावर घेतला, चित्राला बोटं लावली, कपाळाला लावली. झालं – आत घंटा! मागून दोघी आल्या, त्यांचंही तेच. मला हसू आवरेना.

सिस्टर धापा टाकत बाहेर आली. तिचं तोंड बघून माझं हसू पळालं. "आता घंटा वाजू दे न्हाईतर न्हाई, मी हातातलं उरकूनच येणार."

हेच! हेच ऐकायचं नव्हतं मला.

२१ जुलै

नाग काढूनच टाकू म्हटलं. डॉक्टर ऐकेनात. "पंचमी तोंडावर आलीय. देवाला हाकललं म्हणून गाव माझ्या नावानं बोंब मारील. आणि घाबरलेल्या माणसाला वाचता येत नसतंय, चित्रच कळतंय." तेही खरंच.

मग तोडगा काढला. नमस्काराचं बोट टेकतं आणि लगेच निघतं. तर नुसत्या टेकण्यानं घंटा वाजवायचीच नाही. बोट धरून ठेवलं, नागाभोवतीचं लाल कडं पूर्ण भरलं, की वाजेल. खाली ठळक अक्षरात – बोट दाबून धरा. सिस्टर खूश, डॉक्टर खूश.

घरी आईला टॅबवर दाखवलं. तिनं शहाण्यासारखं कडं भरेपर्यंत बोट धरलं. मग म्हणाली, "ज्याच्या माणसाला पान लागलंय, त्याला एवढा धीर असतोय का गं?"

मी खेकसले तिच्यावर. दुपारपासून मला तेच टोचत होतं ना!

२४ जुलै

घंटा वाजली नाही. आज नाही, काल नाही. सगळे म्हणतात मस्त चाललंय. कुणाला गरज पडली नाही म्हणून वाजली नाही? की कुणी बोट लावून, आता येतील आतून, म्हणत बसून राहिलं? मला भीती वाटते. फोन वाजला की आधी दवाखान्याचा नंबर आहे का बघते.

२९ जुलै, नागपंचमी

स्क्रीनवर हळदकुंकू! काचेवर दुधाचे ओघळ, खाली लाह्यांचा सडा. सिस्टर बायकांच्या नावानं बडबडत होती आणि मी पुसत होते. कुंकवाखाली माझी ठळक अक्षरं झाकून गेलेली. 'बोट' तेवढं दिसत होतं.

घंटा एकदाही वाजली नाही. डॉक्टरांनी पाठ थोपटली. मला रडायला येत होतं. नाही, हे असं चालायचं नाही. नाग गेला पाहिजे. उद्या भांडते त्यांच्याशी.

३० जुलै

डॉक्टर परभणीला. सिस्टर म्हणाली, "आता कशाला उकरायलीस? शांत हाय सगळं." परवा बोलते.

२ ऑगस्ट

आई वाचली. हे आधी लिहिते.

काल वैरण उचलताना तिच्या हाताला पान लागलं. फणा तिनं स्वतः पाहिला. बाबांनी मोटरसायकल काढली, मधे आई, मागे तिला धरून मी. दवाखान्यात बाहेर चिटपाखरू नाही. बाबा गाडी लावायला वळले, मी आईला बाकड्यावर टेकवलं, स्क्रीनकडे धावले. नागानं फणा काढला. मी बोट लावलं – आणि ते कपाळाला गेलं. माझं! हात जोडले मी त्याला. वाचव म्हणाले.

घंटा वाजेना. का वाजेना, मलाच कळेना. ओरडायचंसुद्धा सुचलं नाही. तशीच उभी, हात जोडून.

मागून आई बोलली. जीभ जड झालेली. "दाबून धर गं, ईश्वरी."

मग धरलं.