सूनबाईचा शनिवार

तीर्थरूप आबा,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाचं सांगायला आज महादूअण्णाच्या दुकानात गेले होते. तुमची हजामत आयुष्यभर त्यानंच केली, त्याला विसरून कसं चालेल? पण तिथं जे ऐकलं ते तुमच्या लेकालाही अजून सांगवलं नाही. आधी तुम्हालाच लिहिते.

आबा, तो शनिवार आठवतो ना? सकाळी डोक्यावरून हात फिरवत म्हणालात, "सूनबाई, उद्या शामराव येतोय मलकापूरहून. त्याच्यासमोर असलं जंगल घेऊन बसू व्हय? महादूला तेवढं घरी बोलीव की."

"आज शनिवार आहे, आबा."

"मग उद्या सकाळी?"

"उद्या अमावस्या."

"परवा?"

"सोमवारी दुकान बंद. मंगळवारी आपल्यात कात्री लावत नाहीत. बुधवारी बोलावू."

तुम्ही हसलात. "बुधवारपतोर वेणी घालावी लागंल मला!"

मीही हसले, आणि तेलाची वाटी घेऊन मारुतीला गेले.

परत आले तर तुम्ही कॉटवर बसलेले. केस ओले, धाप लागलेली. "एवढा घाम कशानं?" म्हटलं, तर म्हणालात, "उकडतंय." मी पंखा वाढवला आणि स्वयंपाकाला लागले. जवळ येऊन नीट बघितलंसुद्धा नाही!

रविवारी शामरावकाका आले. एका संघात फुटबॉल खेळलेली तुम्ही दोघं, किती वर्षांनी भेटत होता! दारातूनच त्यांनी आवाज दिला, "काय रं गोलकीपर, घरात टोपी? टक्कल पडलं काय?"

तुम्ही टोपी आणखी खाली ओढलीत. "गार लागतंय रं."

भर उन्हाळ्यात! मी चहा घेऊन उभी होते. माझं नाव एका शब्दानं घेतलं नाहीत.

मंगळवारी दुपारी तुम्ही गेलात. तुम्हाला न्यायच्या आधी कपाळावर आलेले केस मी हातानं मागं सारले. ते परत पुढं येत होते.

दहावा गुरुवारी आला. गुरुवारीही आपल्या घरात कुणी केस कापत नाही. पण ह्यांनी पंचगंगेच्या घाटावर मुंडण केलं आणि कुणी वार विचारला नाही. मीसुद्धा नाही. तेव्हा चाललं की, आबा! मग तुमच्याच वेळी मला कसला देव आडवा आला?

आणि आज महादूअण्णा म्हणाला, "वैनी, आबा गेले त्याच्या आदल्या शनवारी हितं आलते."

"कोण, आबा? अहो, त्यांना उंबरा ओलांडवत नव्हता!"

"काठी टेकत, भित्तीला धरून आलते. खुर्चीत बसले. म्या अंगावर कापड टाकलं, पाण्याचा फवारा मारला, कात्री उचलली, तर म्हणाले, 'थांब रं. सूनबाईचा शनवार हाय. तिच्या जिवाला घोर नगं.' म्या म्हटलं, आबा, थोडंसंच कापतो, तिला काय कळतंय? तर म्हणाले, 'मला कळतंय की.' आन् कापड काढून गेले."

जेवणाचं कसंबसं सांगितलं आणि घरी आले.

शनिवारी उकडतंय, रविवारी गार लागतंय. दोन्ही खोटं, आणि दोन्ही माझ्यासाठी! का ऐकलंत हो माझं? भांडायचं होतंत! "तुझा शनिवार तुझ्यापाशी ठेव" असं एकदा ओरडला असतात, तर मी दोन दिवस गाल फुगवून गप बसले असते. केस तर कापून झाले असते. शामरावकाकांसमोर टोपी काढून बसला असतात.

मारुती माझ्यावर रागावला असता, तर पुढच्या शनिवारी हात जोडून मी त्याची समजूत घातली असती. तुमची घालायला आता कुठं येऊ?

उपास माझे आहेत, ते मी करीन. वारही पाळीन, पण माझ्यापुरते. ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणार नाही, एवढा शब्द देते. ह्यांचे केस मानेवर आलेत. आजही शनिवारच आहे, आणि तेही तुमच्यासारखेच न बोलता वार टळायची वाट बघतायत. पत्र मिटते आणि त्यांना सांगते, "जावा, दुकान अजून उघडं आहे."

आपली सूनबाई,
सुमन