माझ्या शोकसभेत कोणी बोलू नये याबाबत

…एवढे लिहून होते न होते तोच तळटीप म्हणाले, "कलम चार टिकणार नाही." म्हणून तो कागद फाडला. पुन्हा लिहितो.

मी, वय एकाहत्तर, घटनाशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. तळटीप समोर बसले आहेत. ते माझे सहाध्यायी व विरोधक. माझ्या प्रत्येक वाक्याखाली त्यांची हरकत असते, म्हणून हे नाव मीच पाडले. त्यांच्या बसण्याला दडपण म्हणता येणार नाही, ते चाळीस वर्षे असेच बसलेले आहेत. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी दिला आहे. 'माझी खात्री दातांपुरती समजावी' असे त्यांनी त्यात लिहिले आहे.

एक. राहती जागा, तीन खोल्या व गॅलरी, पत्नीला. जागा तशीही तिचीच होती. मी फक्त खिडकीजवळचे टेबल वापरले.

दोन. पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला. ग्रंथपाल बाईंनी 'सर, जागा नाही' असे तीनदा कळवले आहे. तरी ग्रंथालयालाच. मुलीने ती दारात ठेवून यावे. "बाबा, यात मला कशाला गुंतवता?" असे ती म्हणाली. त्याची नोंद घेतली आहे.

तीन. आमच्या ऑनलाइन समूहात तीनशे बारा कायदेपंडित आहेत. विषय घटना आणि अभिव्यक्ती. मी चालक. एकदा टाकलेला संदेश कोणी काढायचा नाही, हा समूहाचा एकमेव नियम. तिथले एक सदस्य प्रत्येक संदेशाखाली 'सहमत' लिहितात, एकमेकांच्या विरुद्ध संदेशांखालीही. माझी छत्री त्यांना. ते कुठल्याच बाजूने भिजू नयेत.

तळटिपांना काही देता येत नाही, कारण ते साक्षीदार आहेत. ही अडचण त्यांनीच दाखवून दिली आणि दिवसभर खूश राहिले.

चार. माझ्या शोकसभेत कोणीही बोलू नये.

याचा खुलासा करणे भाग आहे. मृत्युपत्राचा मसुदा वकिलांना पाठवायचा होता, तो चुकून समूहावर गेला. नियम माझाच, त्यामुळे काढता आला नाही. तिघांनी श्रद्धांजली वाहिली. बाकीचे थेट मुद्द्यावर आले. मेलेल्या माणसाला जिवंतांच्या बोलण्यावर बंदी घालता येते काय? मृत व्यक्ती ही राज्यसंस्था आहे काय? एका माजी न्यायाधीशांनी मत दिले की सभागृह भाड्याचे असल्यास बंदी लागू नाही, घरची बैठक असल्यास आहे. पाचव्या दिवशी एका तरुण अध्यापिकेने लिहिले, 'प्रत्यक्ष प्रकरण उभे राहिल्याशिवाय निकाल लागणार नाही. सरांनी सहकार्य करावे.' त्याखाली 'सहमत' होतेच.

मी आयुष्यभर लिहिले की बोलण्यावर कसलेही बंधन नको. तळटिपांनी आयुष्यभर लिहिले की वाजवी बंधन हवेच. आता ते माझ्या शोकसभेत बोलण्याचा अनिर्बंध हक्क मागत आहेत.

"अरे, तुझ्या एकोणीस लेखांचं काय करायचं?" त्यांनी विचारले.

"ते जिवंतपणीचे."

"म्हणजे मेल्यावर तू माझ्या बाजूला येणार?"

"तू तरी कुठे तुझ्या बाजूला राहिलायस?"

"सही कुठे करायची?" दुसरे साक्षीदार म्हणून वर आलेले दंतवैद्य म्हणाले. "खाली पेशंट तोंड उघडून बसलाय."

खरे कारण लिहितो. तळटिपांनी माझ्यावरचे भाषण आधीच लिहून ठेवले आहे. बावीस पाने. मी ते चोरून वाचले. सगळी स्तुती आहे. चाळीस वर्षांत त्यांचे एकही वाक्य मी उत्तराशिवाय सोडलेले नाही, आणि या बावीस पानांना मला उत्तर देता येणार नाही.

पत्नी दारात उभी होती. तिने विचारले, "अहो, त्या कलमात मीही आले का?"

"कोणीही म्हणजे कोणीही."

"छत्तीस वर्षं तुमचं बोलणं संपायची वाट बघतेय. म्हटलं, शोकसभेत तरी माझा नंबर लागेल."

तळटिपांनी मान डोलावली. असे पूर्वी झालेले नाही. मग म्हणाले, "वहिनींचा मुद्दा बिनतोड आहे."

मी कलमात 'पत्नी वगळता' असे घातले. तिने चष्मा लावून वाचले आणि कागद परत दिला.

"नको. तुम्ही गेल्यावर बोलून काय उपयोग? मला जे सांगायचंय ते लोकांना नाही सांगायचं. काय हो भावोजी, शोकसभा आधी घ्यायला कायद्याची काही हरकत?"

तळटिपांनी विचार केला. हरकत सापडली नाही.

पाच. सबब माझी शोकसभा उद्या घ्यावी. पत्नीशिवाय कोणी बोलू नये. मी हजर राहीन.

वरील मजकूर मला मान्य आहे. पाचव्या कलमाची धास्ती वाटते, पण मान्य आहे.

सही: मृत्युपत्र करणारा
साक्षीदार पहिला: तळटीप (कलम चारबाबत मतभेद कायम, स्वतंत्र टिपण जोडले आहे, पाने सव्वीस)
साक्षीदार दुसरा: दंतवैद्य
स्थळ: खिडकीजवळचे टेबल
दिनांक: सतरा, बुधवार

नोंद. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बैठकीच्या खोलीत शोकसभा झाली. पत्नी पन्नास मिनिटे बोलली. मी दोनदा हरकत घेतली. दोन्ही तिने फेटाळल्या. मग ती म्हणाली, "बोला आता, काय म्हणायचंय?" मी म्हणालो, "अजून बोल." ती जेवणाच्या वेळेपर्यंत बोलली.