सहा इमू मोकळे सोडून चालू देण्याबाबत

दि. ९ मे २०१३

प्रति,
मा. छावणी समन्वय अधिकारी,
टंचाई निवारण कक्ष, औरंगाबाद.

विषय : चारा छावणीत दाव्याला बांधलेले सहा इमू पक्षी चालते करण्याबाबत व ‘खुबे शाबूत’ हा शेरा मागे घेण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज (उत्तर अप्राप्त) व आपल्या पाहणी पथकाचा अहवाल.

महोदय,

१. अर्जदार डॉ. नीरजा सेलूकर ही जनावरांची शल्यचिकित्सक असून पडेगाव येथील एका छोट्या संशोधन केंद्रात काम करते. माणसाच्या खुब्यातल्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला की आतले हाड मरते आणि चालण्याच्या भाराने एक दिवस गोळा खचतो. त्या हाडात मूलपेशी सोडून ते पुन्हा जिवंत करता येते का, हे केंद्र तपासत आहे. मेंढी-बकरीवर तपासून भागत नाही. त्यांचा भार चार पायांवर वाटला जातो, त्यामुळे उपचार कुचकामी असला तरी गोळा खचत नाही आणि डॉक्टर उगाच खूश होतात. इमू मात्र आपल्यासारखा दोन पायांवर चालतो. म्हणून सोयगावकडच्या एका बंद पडलेल्या इमूपालनातून सहा पक्षी आणले, प्रत्येकाच्या एका खुब्यातले हाड गोठवून मारले आणि तिघांत मूलपेशी सोडल्या. उरलेल्या तिघांना काहीही दिले नाही. आता सहाही जणांनी भरपूर चालावे, एवढेच बाकी होते.

२. तेवढ्यात पाणी संपले. पडेगावात चहूकडे इमारती उठल्या, प्रत्येकीने खोल बोअर मारले आणि केंद्राचे बोअर कोरडे पडले. टँकर मागितला तर आपल्या कक्षाने कळवले, की जनावरांचे पाणी छावणीतच मिळेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणून अर्जदाराने पक्षी पाचोड रस्त्यावरील छावणीत नेले. तेथील व्यवस्थापक पुंडलिक हे सज्जन गृहस्थ आहेत. छावणीच्या नोंदीत इमूला जागा नव्हती, म्हणून त्यांनी दयाबुद्धीने सहाही पक्षी ‘वासरू’ म्हणून चढवले. बिल्ला मारायला कान सापडेनात, तेव्हा बिल्ले मानेत अडकवले आणि पुढ्यात उसाचे वाढे टाकले. येथवर अर्जदाराची तक्रार नाही. पाणी मिळाले, खाद्य अर्जदार स्वतः पोचवते.

३. परंतु छावणीच्या नियमाने वासरू दावणीलाच हवे. पायांना दावी लागली आणि पक्षी जे खाली बसले ते बसलेच. अर्जदाराने हातापाया पडून सोडायला सांगितले, तेव्हा पुंडलिक म्हणाले, “म्याडम, मोकळं जनावर पथकाला दिसलं की छावणीच बंद. तुमच्या सहा कोंबड्यांपायी एवढ्या गुरांचं पाणी तोडू व्हय?” त्यांचेही खरे आहे. म्हणून अर्जदाराने पक्ष्यांना सकाळ-संध्याकाळ फिरवण्याची परवानगी आपल्याकडे वारंवार मागितली. तिथेच घोडे पेंड खात आहे. महोदय, बसलेल्याचे हाड खचत नाही, मग त्यात मूलपेशी असोत वा नसोत.

४. त्यानंतर आपले पथक आले. ही कसली वासरे, असे पथकप्रमुखांनी विचारले. पुंडलिक अभिमानाने म्हणाले, “साहेब, म्याडमनी ह्यांच्या खुब्यात औषध सोडलंय. मेल्या हाडात जान येती.” एखाद्याचे मोडले का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “नाय साहेब. आल्यापासून एकाचंबी नाय.” झाले! अहवालात शेरा आला : ‘सहाही वासरांचे खुबे शाबूत. उपचार यशस्वी.’ ज्या तिघांवर उपचारच झाला नाही तेही यशस्वी कसे, याचे पथकाला नवल वाटले नाही. तो शेरा आपल्या शिक्क्यानिशी वर्तमानपत्रात छापून आला.

५. अर्जदाराचा धाकटा भाऊ केयूर, वय २७, याचा उजवा खुबा दम्यासाठी घेतलेल्या स्टिरॉइडने मरत चालला आहे. गोळा अजून गोल आहे. आधी पक्षी काय सांगतात ते पाहू, असे म्हणून अर्जदाराने त्याला कुबड्यांवर थोपवून धरले होते. शहरात एका दवाखान्याने मूलपेशी सोडून देण्याची पाटी लावली आहे. केयूर आता बातमीचे कात्रण खिशात घालून तिथे जाऊन आला. खुब्याला भोक पाडून पेशी सोडायच्या, असे ठरले आहे. अर्जदाराने आकांत केला, तर आई दमयंतीबाई म्हणाल्या, “सरकार स्वतः लिहितंय शाबूत म्हणून. तुला भावाचंही बरं बघवत नाही का गं?” येत्या सोमवारी अक्षय्य तृतीया, तोच मुहूर्त धरला आहे. घरात अर्जदाराच्या पदवीपेक्षा आपला शिक्का मोठा ठरला. अर्जदार संतापली आहे, आणि खरे सांगायचे तर घाबरली आहे.

६. सबब विनंती, की पक्ष्यांची दावी आजच सोडण्याचा आदेश व्हावा. चालताना एखाद्याचा गोळा खचला तर तो खचू द्यावा. त्याची शुश्रूषा अर्जदार करील. तसेच ‘हा उपचार यशस्वी आहे की नाही, हे अद्याप कोणालाही माहीत नाही’ एवढे एक वाक्य आपल्या शिक्क्यासह शनिवारपूर्वी लेखी मिळावे. पक्ष्यांवरचा प्रयोग फसला तर अर्जदार दुसरे पक्षी आणील. भाऊ एकच आहे.

उत्तर हाती पडेपर्यंत आपल्या कार्यालयाच्या जिन्यात बसून राहणारी,
आपली नम्र अर्जदार
(डॉ. नीरजा सेलूकर)

सोबत :
१) बातमीचे कात्रण. केयूरच्या खिशातून न विचारता घेतले आहे.
२) केयूरच्या खुब्याचा एक्स-रे. कृपया उजेडाकडे धरून पाहावा.